अलकापुरीत फुलं सुकत नाहीत

माझं फुलांशी भांडण नाही आणि अक्षरांशी तर नाहीच नाही. बडोद्यातल्या एका मराठी शाळेत मी नोकरीभर पहिलीच्या मुलांकडून अक्षरंच गिरवून घेतली. फुलं तर रोज देवाला वाहते. तक्रार आहे ती या दोन्ही गोष्टी गरम गोंदाने एकमेकींना चिकटवल्या जातात त्याबद्दल.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. दोन-अडीच फूट उंचीचं एक इंग्रजी अक्षर घ्यायचं. ते पुठ्ठ्याचं, सनबोर्डाचं नाहीतर एमडीएफचं असतं. पाठ बंद, पुढून उघडं. त्याच्या पोटात खोटी फुलं इतकी गच्च बसवायची, की पुठ्ठ्याचा कण दिसता कामा नये. मग ते अक्षर डोहाळेजेवणाला, बारशाला, पहिल्या वाढदिवसाला, साखरपुड्याला आणि लग्नाला दाराशी उभं करायचं. आलेली माणसं आधी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. ज्यांच्यासाठी आलो त्यांना भेटायचं ते नंतर, रांग कमी झाली तर. माझी सून ही अक्षरं घरी करते. आधी हौस होती, आता ऑर्डरी येतात. आमचं जेवणाचं टेबल सहा माणसांचं आहे. हल्ली तिथे अक्षर पसरलेलं असतं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवतो. अक्षर पूर्ण होईपर्यंत त्याला हलवायचं नसतं. आम्हाला हलवलेलं चालतं.

दांडिया बाजार सोडून आम्ही अलकापुरीत राहायला आलो, तेव्हा नावावरूनच मी सावध व्हायला हवं होतं, असं माझे दीर म्हणतात. अलका ही कुबेराची नगरी. मेघदूतातल्या यक्षाचं घर तिथलं. कालिदासाच्या त्या अलकेत झाडं बारा महिने फुललेली असतात आणि बायका सहाही ऋतूंची फुलं एकाच वेळी अंगावर मिरवतात. हातात कमळ, केसांत कुंद, तोंडाला लोध्राचे पराग, वेणीत कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात कदंब. कमळ शरदातलं, कुंद हिवाळ्यातला, शिरीष उन्हाळ्यातला, कदंब पावसाळ्यातला. महाविद्यालयात हे वाचलं तेव्हा मी त्याला कविकल्पना समजले होते. आता रोज पाहते. आमच्या टेबलावर कमळ, ऑर्किड, गुलाब आणि डेझी ऐन मे महिन्यात एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि त्यांतलं एकही कोमेजत नाही. फरक एवढाच, की यक्षाला एका वर्षासाठी का होईना हद्दपार केलं होतं. मला अजून कुणी केलेलं नाही.

पहिली तक्रार बारशाबद्दल. आपल्याकडे बाळाचं नाव आत्याने कानात सांगेपर्यंत गुपित असतं. नाव सांगायचं, मग बायकांनी कुर्रर्र करत आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे आणि मग ते सगळ्यांना कळायचं, असा क्रम होता. नावासाठीच माणसं थांबायची. घुगऱ्या नंतर मिळायच्या. आता हॉलच्या पायरीवरच गुलाबी 'आर' उभा असतो. रिक्षातून उतरणाऱ्या बाईला रिया, रेवा की राधा एवढाच प्रश्न उरतो आणि तो ती चपला काढेपर्यंत सोडवते. बिचारी आत्या वाकून, पदर सावरून बाळाच्या कानात जे सांगते, ते बाहेर पार्किंगमधल्या वॉचमनलाही निम्मं ठाऊक असतं. तरी धपाटे मिळतातच. ते विनाकारण आहेत, असं मी एका आत्याच्या वतीने नोंदवून ठेवते.

अक्षर इंग्रजीच का, हा प्रश्न माझा घरात विचारून झाला. 'आई, साचे त्याच अक्षरांचे मिळतात,' हे उत्तर. बरं. पण या गावात नावाचं आद्याक्षर राशीवरून काढणारी घरं भरपूर आहेत. आमच्या शेजारच्या बेनना नातवासाठी मिथुन राशीवरून नाव हवं होतं, म्हणजे क, छ किंवा घ. त्यांच्या मुलीच्या मुलाला मकर, म्हणजे ख किंवा ज. दोन्ही घरांनी जन्मवेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवली, जोशीबुवांना दोनदा विचारलं, फोईने, म्हणजे आत्याने, खूप विचाराने एकाला क आणि दुसऱ्याला ख दिला. मग दोन्हीकडे एकच 'के' गेला. बुधाची रास आणि शनीची रास एका पुठ्ठ्यात बसली. 'डी'चंही तेच. त्यात मीनेचा द बसतो आणि कर्केचा डही बसतो. एवढी शतकं ज्योतिष्यांनी जे वेगळं ठेवलं, ते आमच्या टेबलावर एका दुपारी एक झालं आणि त्याबद्दल कुठल्याही ग्रहाने काही म्हटलेलं नाही.

लग्नाची अक्षरं जोडीने जातात. वधूचं एक, वराचं एक आणि मधे लाल बदाम. नुसतं आद्याक्षर घ्यायचं आणि अर्थ पाहायचा नाही, हा या धंद्याचा नियम आहे. समजा, मुलगी नेहा आणि मुलगा ओंकार. दारात काय उभं राहील? 'एन' आणि 'ओ'. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मांडवात शिरण्याआधी गुलाबी फुलांत 'नो' असं सांगितलं जाईल. मुलाकडच्यांनी आग्रह धरून ओंकारचं अक्षर आधी लावलं, तर 'ऑन' होईल आणि लग्न चालू असल्याची खात्री तरी पटेल. अमेय आणि चैत्राली असतील, तर 'एसी'. मे महिन्यातल्या बडोद्यात हे अक्षर दाराशी लावून आत नुसते पंखे फिरवणं ही मी फसवणूक समजते. मधला बदाम काही करत नाही. तो सगळ्या जोडप्यांना सारखाच असतो आणि वाचताना कुणी त्याला मोजत नाही.

एकदा मात्र दांडिया बाजारातल्या एका घरातून मागणी आली, की आम्हाला मराठीत हवं, 'शुभविवाह'. मला बरं वाटलं. सून म्हणाली, 'आई, तुमचं अक्षर छान आहे, जरा आखून द्या ना.' मी कार्डशीटवर आखून दिलं, शिरोरेषेसकट. आता देवनागरीची एक खोड पहिलीच्या वर्गाला ठाऊक असते. भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक असतो तो डोक्यावरच्या रेघेचा. भ आणि ध यांची रेघ डावीकडे तुटलेली, म आणि घ यांची सलग. मुलांच्या पाट्यांवर मी हा तुटका तुकडा ओल्या फडक्याने किती वेळा पुसून दाखवला असेल! अक्षर कापणाऱ्या कारागिराला मात्र ती तुटकी रेघ माझ्या हाताचा कंप वाटली. त्याने ती मायेने जोडून दिली. त्यावर सुनेने पांढरे गुलाब लावले आणि मांडवाच्या दारी 'शुमविवाह' झळकला. चारशे माणसं त्याखालून गेली. कुणीही थांबलं नाही. मी थांबले, तर मागच्या बाई म्हणाल्या, 'काकू, फोटो काढायचाय का?' त्या जोडप्याचं छान चाललं आहे. फोटोत मात्र आजही शुम आहे.

शेजारच्या बेननी यावर तोडगा सुचवला. 'मासी, ऊपरनी लाइन काढी नाखो ने!' गुजराती लिपीला डोक्यावर रेघ नाही. ती हिशेबाच्या वह्यांतून वाढलेली लिपी. वरची रेघ गाळली, की हात लवकर चालतो. फुलांच्या हिशेबानेही ते शहाणपणाचंच, कारण एक शब्दभर शिरोरेषा म्हणजे निदान दोन पाकिटं गुलाब. पण आपली अक्षरं त्या रेघेला लोंबकळतात. रेघ काढली, की ती सुटी होऊन घरंगळतात आणि फुलांमुळे आधीच गुबगुबीत झालेला व कुठला आणि ब कुठला, हे ज्याच्या घरचं लग्न आहे त्यालाच विचारावं लागतं. वेलांट्यांची तर वेगळीच कथा. त्या मुख्य अक्षराला दोन टेकूंवर चिकटवलेल्या असतात आणि पहिल्या गतिरोधकाला मान टाकतात. कीर्ती नावाच्या बाळाच्या बारशाला पहिली वेलांटी वाटेत गळाली. हॉलमध्ये पोचली ती 'कर्ती'. घरच्यांनी ते शुभ मानलं.

अक्षरांचे भाव हा आमच्या घरातला कायमचा वाद आहे. भाव अक्षराला एकच. पण 'आय' म्हणजे उभी काठी आणि 'एम' म्हणजे चार काठ्या. ईशाची आई जेवढं देते तेवढंच मैत्रेयीची आई देते. मैत्रेयीच्या अक्षराला दुप्पट-तिप्पट फुलं लागतात. तरी तक्रार करते ती ईशाचीच आई. 'आमचं एवढं बारीक कसं? त्यांचा बी किती भरदार होता!' मग त्या 'आय'ला वर-खाली आडव्या पट्ट्या लावून अंग आणायचं. फुलं येतात बारा डझनांच्या पाकिटात, म्हणजे १४४. कुठलंही अक्षर १४४ फुलांत संपत नाही. पाच-सहा कमी पडतातच. त्यांच्यासाठी दुसरं पाकीट फोडायचं, तर त्यातला गुलाबी वेगळा निघतो. या गुलाबीची नावं मी पाठ केली आहेत, कारण ती घरात भाजीच्या नावांपेक्षा जास्त ऐकू येतात. डस्टी पिंक, ब्लश पिंक, रोझ गोल्ड, पीच. मला त्यांत दोनच रंग दिसतात, धुतलेला गुलाबी आणि न धुतलेला गुलाबी.

आता हत्याराकडे येऊ. त्याचं नाव ग्लू गन. परवाना लागत नाही. मागून गोंदाची कांडी घालायची, चाप ओढायचा, पुढून वितळलेला गोंद येतो. कांड्या दोन जाडीच्या, ७ आणि ११ मिलिमीटर. घरात नेहमी दुसऱ्याच जाडीच्या शिल्लक असतात. या गोंदाची एक खासियत आहे. तो चिकटतो तिथे चिकटतोच, शिवाय गन उचलताना मागे कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार सोडतो. या तारा फुलांवर राहिल्या तर ग्राहक नावं ठेवतो, म्हणून त्या फुंकून घालवायच्या. त्या जातात कुठे, याचा शोध मी लावला आहे. त्या माझ्या चष्म्यावर, देवघरातल्या निरांजनावर आणि आमटीत जातात. आमटीतल्या तारेला घरात कढीपत्त्याचा देठ म्हणण्याची पद्धत पडली आहे.

आधी सून थर्माकोलची अक्षरं करायची. थर्माकोल कापला, की त्याचे पांढरे दाणे उडतात, विजेच्या भाराने साडीला चिकटतात आणि झटकले, की दुसऱ्या साडीला चिकटतात. गरम गोंद लावला, की थर्माकोल वितळून खड्डा पडतो. म्हणून कमी तापणारी गन वेगळी घ्यावी लागते. रंगाचा स्प्रे मारला, तर त्यातलं रसायन थर्माकोलच खाऊन टाकतं. एका रात्री सुनेने 'एस'ला सोनेरी स्प्रे मारून ठेवला. सकाळी टेबलावर सोनेरी अळी होती.

मग सरकारला माझी दया आली, असं मला वाटलं. महाराष्ट्राने २०१८ सालीच सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली होती. १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकची जी यादी निघाली, तीत कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत आणि सजावटीचा थर्माकोलही आहे. मी ती यादी चष्मा पुसून दोनदा वाचली. फुग्याची काडी बंद, फुगा चालू. फुलांखालचा थर्माकोल बंद, थर्माकोलवरची फुलं चालू. महाराष्ट्रातले फूलउत्पादक या फुलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले, यादीत यांनाही घाला म्हणून. त्यांचं म्हणणं बाजारभावाबद्दल आणि पर्यावरणाबद्दल होतं. त्यांनी मला विचारलं असतं, तर आमच्या जेवणाच्या टेबलाचं प्रतिज्ञापत्र मी आनंदाने जोडलं असतं. इकडे सुनेने कायदा पाळला. थर्माकोल गेला, सनबोर्ड आला. अक्षर आता जास्त टिकतं.

फुलांबद्दल बोलायचं, तर ती कुठल्या झाडाची आहेत हे मला सांगावं. आम्हा बडोदेकरांना फुलांच्या बाबतीत थोडी वाईट सवय लागलेली आहे. १८९३ साली सयाजीराव महाराजांनी लंडनच्या क्यू बागेत तयार झालेला गुस्टाव्ह क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ इथे आणला. १९०८ साली तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेने त्याला पुढे डोक्यावर घेतलं. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज रचनाकाराने आखली. कमाटीबागेत जिवंत रोपांचं घड्याळ आहे. क्रुम्बिगल आज आमच्या टेबलाशी बसला, तर पाच मिनिटांत राजीनामा लिहील. गुलाबाच्या फुलाला शेवंतीची पानं, कमळाला वेल, डेझीला काटा. निळा गुलाब तर निसर्गातच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून कितीतरी वर्षांच्या खटपटीनंतर २००९ साली तो विकायला काढला, तोही जांभळटच निघाला. आमच्याकडे गडद निळे बारा डझन पडलेले असतात. बाल्कनीत वाळत ठेवलेल्या एका अक्षरावर एक मधमाशी आली, वरपासून खालपर्यंत फिरली आणि काही न बोलता गेली. तिला बोलता येत नाही, म्हणून मी बोलते.

मनुष्यप्राणी मधमाशीपेक्षा भाबडा असतो. साठी ओलांडलेली प्रत्येक पाहुणी त्या फुलांना नाक लावते. मग सून वर अत्तर शिंपडते. फुलं पॉलिएस्टरची, अत्तर मोगऱ्याचं, आकार गुलाबाचा आणि खालून वितळलेल्या गोंदाचा वास. माझ्या नणंदेने एका डोहाळेजेवणाला अक्षरातलं एक फूल सवयीने खुडून केसांत माळलं. फुलाबरोबर तार आली, तारेबरोबर गोंद आला आणि गोंदाबरोबर थोडे केस राहून गेले.

न सुकणाऱ्या फुलांची हौस वाईट असते, असं मी म्हणत नाही. आमच्या गावाला तिचा राजेशाही वारसा आहे. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवला. बसऱ्याचे बारीक मोती लाखांनी लावलेले, वर वेलबुट्टी आणि फुलं, त्यांत हिरे, माणकं, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी तो केला होता. तिथे तो गेला नाही. २००९ साली दोहात सदबीजच्या लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. तीही खोटीच फुलं आणि तीही सुकलेली नाहीत. पण तो गालिचा 'पुन्हा कधीतरी लागेल' म्हणून कुणी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकला नव्हता. त्याच खंडेरावांच्या नावाने सयाजीरावांनी १९०६ साली मार्केट बांधलं. तिथे आजही खरा गलगोटा, म्हणजे आपला झेंडू, ढिगाने मिळतो. मी ही गोष्ट घरात अधूनमधून सांगते. सून म्हणते, 'आई, गलगोट्याला पेस्टल शेड नाही ना.'

आपल्या मराठी घरांतही फुलांची आणि अक्षरांची हौस होतीच. रुखवतात लोकरीची, कापडाची, मण्यांची फुलं मांडलेली असायची. लग्नाच्या पडद्यावर मामाने किंवा चुलत दिराने रात्रभर जागून कापलेली, जरीची लेस आणि टिकल्या लावलेली अक्षरं असायची. दारावर भरतकामातलं 'सुस्वागतम्' असायचं. इथल्या गुजराती घरांत मण्यांचं तोरण असतं, त्यावर 'भले पधार्या' विणलेलं. ते तोरण सासूच्या लग्नात लागतं, सुनेच्या लग्नात लागतं, मधे दिवाळी, सत्यनारायण, वास्तुशांत सगळीकडे लागतं. त्यावर घरातल्या कुणाचंही नाव नसतं. ज्याच्यासाठी ते लावलं तो येणारा माणूस असतो, मग तो कुठल्याही अक्षराचा का असेना. 'आर' कुणाचं स्वागत करतो? तो फक्त सांगतो, की आज 'आर'चा दिवस आहे, तुमचं अक्षर दुसरं आहे, बाजूला उभे राहा, फोटो नीट येऊ द्या.

ने-आण हा आणखी एक जाच. अलकापुरीतून स्टेशनपलीकडे जायचं, तर रेल्वेखालचं गरनाळं. पावसाळ्यात ते भरतं, बंद होतं आणि सगळी गाडी-घोडी पुलावर येतात. पुठ्ठ्याच्या अक्षराला पाणी लागून चालत नाही. छोट्या गाडीत ते आडवं बसत नाही. म्हणून सून स्कूटर चालवते आणि मी मागे अक्षर धरून बसते. 'एल' असेल, तर मांडीवर राहतो. 'एच' असेल, तर वारा अडतो. 'ओ' सर्वांत सोयीचा, तो गळ्यात घालता येतो. सिग्नलला थांबलो, की लोक वाट करून देतात आणि हात जोडतात. उन्हाळ्यात वेगळं संकट. बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. ग्राहकाच्या बंद गाडीत ठेवलेल्या अक्षराचा गोंद नरम पडतो आणि हॉलवर पोचेपर्यंत निम्मी फुलं सीटवर उतरलेली असतात. तेवढ्यापुरती ती खऱ्या फुलांसारखी वागतात.

खरं दुखणं मात्र समारंभ संपल्यावर सुरू होतं. खऱ्या फुलांचा मोठा गुण हा, की ती दुसऱ्या दिवशी वाईट दिसतात. हार उतरवला, निर्माल्य झालं, झाडाच्या मुळाशी घातलं, झालं. कुणी हळहळत नाही. लग्नाला आलेले पाहुणे आणि लग्नाची फुलं वेळेवर जातात, म्हणूनच पुढचं लग्न करायचा धीर होतो. हे अक्षर जात नाही. सुकत नाही, कुजत नाही, जुनंही होत नाही, फक्त धुळीने करडं होतं. ते दुसऱ्याला देता येत नाही, कारण दुसऱ्याचं नाव वेगळं असतं. त्याच बाळाच्या पुढच्या वाढदिवसाला चालत नाही, कारण फोटोत 'तोच' दिसतो. टाकवत नाही, कारण 'एवढे पैसे दिलेत'. मग ग्राहक ते प्रेमाने परत आणून देतात. 'आंटी, तुमच्याकडेच असू द्या, कुणाला तरी होईल.' आमच्या माळ्यावर आता जवळजवळ अख्खी मुळाक्षरं आहेत. पाहिजे ते अक्षर तेवढं नसतं.

ओल्या कचऱ्यात ते बसत नाही, सुक्या कचऱ्यात शिरत नाही. पस्तीवाल्याला, म्हणजे आपल्या रद्दीवाल्याला, बोलावलं. त्याने अक्षर उचललं, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. पुठ्ठा, पॉलिएस्टर, लोखंडी तार आणि गोंद यांचा मिळून भाव त्याच्याकडे नव्हता. तो म्हणाला, 'मासी, सगळं वेगळं करून द्या, घेऊन जातो.' मी वेगळं करायला बसले. गोंद चिकटतो तिथे चिकटतोच, हे मी वर लिहिलं आहे.

तेव्हा माझा निकाल असा. दारावरची अक्षरं येणाऱ्यांसाठी असावीत आणि दारावरची फुलं जाणारी असावीत. सध्या दोन्ही उलट आहे. ज्यांना अक्षर हवंच असेल, त्यांनी बारशाला ते नाव ठेवून झाल्यावर बाहेर काढावं, म्हणजे आत्याचे धपाटे सार्थकी लागतील. लग्नाला लावणार असाल, तर दोन अक्षरं मिळून काय वाचलं जातं, हे एकदा मोठ्याने वाचून पाहावं. मराठीत करणार असाल, तर भ आणि ध यांची रेघ तोडावी. आणि कुणालाही काहीच नको असेल, तर खंडेराव मार्केटमधून दोन माळा झेंडू आणावा. दुसऱ्या दिवशी त्याचं काय करायचं, हे आपल्याला अजून आठवतं.

ता. क. आमच्याकडे एक 'एम' आहे, डस्टी पिंकमध्ये, एका कोपऱ्यात किंचित अत्तराचा डाग. अलकापुरीतल्या कुणा मिहीरला किंवा मैत्रेयीला हवा असेल, तर विनामूल्य न्यावा. आडनाव वाघ किंवा वाडेकर असेल, तर उलटा धरावा, 'डब्ल्यू' होतो. परत घेतला जाणार नाही.